सात नंबरची डबी

"ही थुंकी आहे, बेडका नाही."

नोकरीत मी सर्वांत जास्त वेळा उच्चारलेले वाक्य हे आहे. घरातदेखील एखादे वाक्य मी इतक्या वेळा बोललो नसेन. फराळाचे ताट मांडीवर घेऊन दिवाळी अंक वाचण्याची ज्यांना सवय आहे, त्यांनी ताट बाजूला ठेवावे किंवा हा लेख सोडून पुढे जावे. माझा विषय बेडका हा आहे. तो टाळून माझ्या कामाबद्दल मला काही सांगता येत नाही.

मी प्रयोगशाळा तंत्रज्ञ. डॉक्टर नव्हे. नगर जिल्ह्यातल्या निरनिराळ्या सरकारी दवाखान्यांत तीस वर्षांहून अधिक काळ मी क्षयरोग्यांचे बेडके तपासले. थुंकी तोंडात तयार होते. ती पातळ आणि फेसाळ असते. बेडका छातीतून येतो. तो घट्ट आणि चिकट असतो. क्षयाचे जंतू छातीत असतात, तोंडात नव्हे. म्हणून सकाळी उठल्यावर चूळ भरावी, खोल श्वास घ्यावा, छातीतून खोकावे आणि जे येईल ते डबीत धरावे. एवढेच शिकवायचे असते. तेवढेही मला पुरते शिकवता आले नाही. त्यात दवाखान्यांच्या भिंतींवरचे फलकच सांगतात, 'थुंकी तपासून घ्या.' लोक आज्ञाधारक आहेत. ते थुंकी आणतात.

काही जण तीही आणत नाहीत. श्रीगोंद्याकडच्या एका आजीबाईंनी दिलेली डबी मी उघडली, तर आत काकवी होती. चांगली, ताज्या गुऱ्हाळाची. मी विचारले, "आजी, हे काय?"

"बेडका काय आला न्हाई बाबा. मग म्हनलं, रिकामं भांडं माघारी कसं द्यावं?"

"हे भांडे नाही. ही तपासणीची डबी आहे."

"डबीला झाकन हाय, तळ हाय. मंग भांडं न्हाई तर काय हाय? आन खा की, चांगली हाय."

मी ती खाल्ली नाही. नोंदवहीत 'नमुना अयोग्य' असे लिहिले. डबीत काकवी आल्यास काय लिहावे, याची सूचना कोणत्याही परिपत्रकात नव्हती.

त्या काळी आमचे साधन म्हणजे सूक्ष्मदर्शक. बेडका काचपट्टीवर पसरायचा, वाळवायचा, लाल रंग ओतून खालून जाळ दाखवायचा, आम्लाने धुवायचा आणि वर निळा रंग द्यायचा. क्षयाचा जंतू चिवट. एकदा घेतलेला लाल रंग तो सोडत नाही. म्हणून निळ्या पार्श्वभूमीवर बारीक लाल काड्या दिसल्या की रोग ठरला. या कामाला डोळा आणि मान लागते. माझी मान त्याच कामी आली आणि आता वळत नाही.

सूक्ष्मदर्शकात एक उणीव होती. बेडक्यात जंतू पुष्कळ असतील तरच ते दिसत. थोडे असले तर रोगी निरोगी ठरून घरी जात असे आणि चार महिन्यांनी, छाती पोखरल्यावर, परत येत असे. अशी माणसे मला आठवतात. त्यांच्याबद्दल मी येथे लिहिणार नाही.

निवृत्तीनंतर केडगावात घरी बसलो होतो. एका सेवाभावी संस्थेने बोलावले. त्यांच्याकडे पेटी आली होती. पेटी म्हणजे क्षयरोगाचे निदान करणारे नवे यंत्र. आकाराने साधारण प्रवासी बॅगेएवढे, बॅटरीवर दिवसभर चालणारे. वातानुकूलित खोली नको, अखंड वीज नको. जीपमध्ये घालावे, माळावर न्यावे आणि बाभळीखाली टेबल मांडून चालवावे. बेडका औषधात विरघळवून पेटीच्या पहिल्या भागात घालायचा. तेथे जंतूंचे जनुकीय द्रव्य वेगळे होते. त्याचा एक थेंब नखाएवढ्या चिपवर टाकायचा आणि चिप दुसऱ्या भागात सरकवायची. सव्वा तासात चिठ्ठी छापून येते: जंतू आहेत किंवा नाहीत. आणखी एका तासात, नेहमीचे मुख्य औषध लागू पडेल की नाही, हेही कळते. ज्या उत्तरासाठी मी एके काळी नमुना परजिल्ह्यात पाठवून आठवडेच्या आठवडे वाट पाहिली, ते उत्तर बाभळीच्या सावलीत मिळू लागले. शिवाय गरीब मुलखाला परवडेल अशा खर्चात. मी कोणत्याही यंत्राची स्तुती सहसा करत नाही. या यंत्राची करतो.

त्रास यंत्राचा नव्हता. यंत्राभोवती जमणाऱ्या माणसांचा होता. संस्थेचे पाहुणे येत. पेटीबरोबर छायाचित्रे काढून घेत. बॅटरी किती वेळ टिकते, चिप कोठे बनते, हे प्रश्न ठरलेले. एका पाहुण्यांना मी म्हणालो, "आपण डबीबद्दल काहीच विचारले नाही. सगळे त्या डबीवर अवलंबून असते." आणि एक भरलेली डबी पुढे केली. त्यांनी हात पाठीमागे घेतला.

दुसरा त्रास बबनचा. बबन आमचा जीपचालक. पन्नाशीचा, कामाला सरळ, बोलायला वाकडा. चिपांना उष्णता सोसत नाही, म्हणून त्या बर्फाच्या पेटीत ठेवायच्या. तिच्यात मला दर दोन दिवसांनी बबनच्या ताकाची बाटली सापडत असे. खंडेनवमीला त्याने कडेलोट केला. सकाळी येऊन पाहतो तो जीप, जॅक, पाने यांच्या ओळीत आमचे यंत्र. त्याला हळद, कुंकू, अक्षता आणि चिपेच्या फटीत झेंडूचे फूल.

"बबन, हे कोणी केले?"

"मीच केलं, साहेब. वर्षभर पोटाला घालतंय."

"फटीत कुंकू गेले आहे. आत प्रकाश मोजणारी काच आहे."

"मंग देवाला कुंकू कुठं लावायचं? तोंडालाच लावत्यात की."

यंत्र चार दिवस बंद होते. दुरुस्तीला पुण्याहून आलेल्या अभियंत्याने बिघाडाचे कारण विचारले. मी म्हणालो, "पूजा." त्याने ते लिहून घेतले नाही.

हे सगळे मी चिडून सांगतो आहे, हे वाचकांच्या ध्यानात आले असेल. इतरांच्या चुकांवर चिडणे मला नेहमीच सोपे गेले. आता माझी सांगतो.

डबीच्या बाबतीत माझा एक नियम होता. नाव झाकणावर लिहायचे नाही, झाकण बदलते. नाव डबीच्या अंगावर लिहायचे. नोकरीच्या एवढ्या वर्षांत आपल्याकडून एकाची डबी दुसऱ्याच्या नावावर कधीही गेली नाही, असे मी नव्या तंत्रज्ञांना सांगत असे. आता सांगत नाही.

गळीत हंगाम सुरू झाला होता. श्रीगोंदा तालुक्यात कारखान्याच्या परिसरात ऊसतोड टोळ्या उतरल्या होत्या. त्यांपैकी एका टोळीचा तळ पाटाच्या कडेला होता. माणसे पाथर्डीकडची, कोरडवाहू भागातली. पाचटाच्या आणि ताडपत्रीच्या चौदा कोप्या. ही माणसे पहाटेच्या आधी फडात जातात, दवाखान्याच्या वेळेत कधीही मोकळी नसतात आणि फड संपला की मुक्काम हलवतात. दवाखाना त्यांच्याकडे गेला तरच भेट. पेटी खरी उपयोगी पडते ती येथे.

टोळीचे मुकादम नाना. जाड मिशांचा, व्यवहाराला चोख माणूस. त्यांनी मला टोळीची यादी दिली. एक ते चौदा अनुक्रमांक, प्रत्येकापुढे स्वच्छ अक्षरात एक नाव. इतकी नेटकी यादी मला सरकारी कचेरीतही क्वचित मिळाली होती. मी प्रसन्न झालो.

गावच्या आशा कार्यकर्त्या मंदाताई सोबत होत्या. आदल्या दिवशी त्या तळावर चौकशी करून आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "सर, चार, सात आन अकरा नंबरला खोकला हाय, असं शेजारची बाई म्हनली. नक्की कुनाला, ते मानसं फडातून आल्यावर कोपीत जाऊन बघते. मंग नाव लिहू."

"यादीत नावे आहेत."

"सर, ती यादी कोयत्याची हाय."

"मला वाचता येते."

मंदाताईंनी पिशवीतून डब्या काढून माझ्यापुढे ठेवल्या. मी यादी पाहून तीन डब्यांच्या अंगावर तीन नावे लिहिली. सात नंबरच्या डबीवर लिहिले, 'भरत'. सकाळचा बेडका धरून ठेवा, असा निरोप आणि डब्या मुकादमाकडे देऊन आम्ही निघालो. मला घाई होती. बर्फ वितळत होता आणि चिपांच्या पेटीतले तापमान चढत होते.

कोयता म्हणजे काय, हे या जिल्ह्यात शेंबडे पोरही सांगेल. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. नवरा ऊस तोडतो. बायको मोळी बांधते आणि डोक्यावर वाहून गाडीत भरते. यादीत जोडी एका आकड्याची आणि नाव नवऱ्याचे. जोडीतला एकच माणूस कामाला असेल तर तो अर्धा कोयता. मी हे लहानपणापासून जाणत होतो. पण जाणणे वेगळे आणि हातात लेखणी असताना आठवणे वेगळे.

दुसऱ्या दिवशी आठ वाजता तळावर गेलो. माणसे फडात होती. मुकादमाने तिन्ही डब्या दगडावर ओळीने मांडून ठेवल्या होत्या. दोन डब्यांत थुंकी. सातच्या डबीत उत्तम बेडका: घट्ट, पिवळसर, एका कडेला रक्ताची रेघ. मला बरे वाटले. या धंद्यात अशा गोष्टीने बरे वाटते. त्याला इलाज नाही.

पेटीने सव्वा तासात सांगितले: जंतू आहेत आणि पुष्कळ आहेत. आणखी एका तासाने सांगितले: नेहमीची औषधे लागू पडतील. दुपारी भरत उसाच्या गाडीबरोबर तळावर आला. तिशीचा, भरल्या अंगाचा माणूस. मी त्याला मुकादमासमोर आणि चार माणसांसमोर सांगितले, "भरत, तुला क्षयरोग आहे. टीबी."

त्याने आधी डबीकडे पाहिले, मग कोपीकडे.

"खोकला किती दिवस आहे?"

"हाय," तो म्हणाला. "हाय थोडा."

नाना पुढे सरकले. "साहेब, मंग ह्याला गावाकडं धाडावा लागंल. बाकीच्या टोळीला लागलं म्हंजी?"

"धाडायचे नाही. औषध सुरू झाले की थोड्या दिवसांत त्याच्यापासून कोणाला लागण होत नाही. औषध खाऊन माणूस काम करू शकतो. टोळीतून काढायचे नाही."

हे मी बजावून सांगितले. भरतने माझ्याकडे नीट पाहिले. त्या वेळी मला वाटले, तो कृतज्ञ आहे. तो हिशेब मांडत होता.

त्याच दिवशी तालुक्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी चिठ्ठी पाहिली, भरतचे वजन केले आणि गोळ्या दिल्या. क्षयाच्या गोळ्या वजनानुसार देतात. भरतचे वजन साठच्या वर होते. म्हणून रोज चार गोळ्या. दर आठवड्याला मंदाताईंनी त्याला पाकीट पोहोचवायचे होते.

नियम असा आहे की रोगी सापडला तर त्याच्या घरातल्या सर्वांना तपासायचे. भरतच्या कोपीत त्याची बायको होती. नाव सुमन. अंगाने काडी, तोंडावर पदराचा बोळा. मी तिला डबी दिली आणि सकाळच्या बेडक्याबद्दल नेहमीचे सगळे सांगितले. दुसऱ्या दिवशी ती त्यासाठी फडात न जाता थांबली होती. तिने डबी आणून दिली. आत पाण्यासारखे स्वच्छ काही.

"ही थुंकी आहे, बेडका नाही."

"बेडका येतच न्हाई, साहेब."

"छातीतून खोकायचे."

"खोकला न्हाई मला."

मी 'नमुना अयोग्य' लिहिले. आम्ही जीपमध्ये बसलो तेव्हा कोपीतून खोकल्याची उबळ ऐकू आली. लांब, न थांबणारी. मी मनाशी म्हणालो, चुलीचा धूर. बबन म्हणाला, "बाई लई खोकतीय." मी त्याला गाडी चालवायला सांगितले. अर्ध्या तासात मी चिपांच्या पेटीतले तापमान तीनदा पाहिले होते. त्या बाईकडे एकदाही परत वळून पाहिले नव्हते.

तीन आठवड्यांनी तळावर पुन्हा गेलो. टोळीचा फड संपत आला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी मुक्काम भीमेपलीकडे हलणार होता. कोप्यांवरच्या ताडपत्र्या उतरत होत्या. मी भरतला बाजूला घेऊन ठरलेला प्रश्न विचारला. क्षयाच्या गोळ्यांतल्या एका औषधाने लघवी लालसर होते. गोळ्या खरोखर पोटात जातात की नाही, हे ओळखण्याची याहून स्वस्त तपासणी अजून निघालेली नाही.

"लघवीला लाल होते का?"

"न्हाई. पिवळीच हाय नेहमीसारखी."

माझा पारा चढला. "मग गोळ्या कोठे जातात? पाटात? सरकार फुकट देते म्हणून फेकायच्या? तुला मरायचे असेल तर मर. पण या चौदा कोप्यांतली लेकरे काय म्हणून मारतोस?"

तो मान खाली घालून उभा राहिला. मी आणखी बोललो. ते येथे लिहिण्यासारखे नाही.

तेवढ्यात मंदाताई सात नंबरच्या कोपीतून बाहेर आल्या. त्यांचा चेहरा उतरला होता.

"सर, त्याला नका बोलू. आत या. लाल हिची हाय."

कोपीत सुमन पोत्यावर आडवी होती. शेजारी गोळ्यांचे पाकीट, दिवसाप्रमाणे नीट रिकामे केलेले. एक गोळी चुकलेली नव्हती. तिचे डोळे हळदीसारखे पिवळे होते. मंदाताई म्हणाल्या, "तीन दिवस झाले, पानीसुद्धा पोटात ठरत न्हाई म्हनती."

मग भरतने सांगितले. बेडका सुमनचा होता. मुकादमाने 'सात नंबरची डबी' म्हणून कोपीच्या दारात ठेवली; पहाटे उबळ सुमनला आली; तिने ती डबीत धरली. कोयत्याला एक डबी आली असे त्यांनी धरले, आणि त्यात गैर काही नव्हते. बाकी सगळे कोयत्याला एकच येत होते.

"मग मी तुझे नाव घेतले तेव्हा का बोलला नाहीस?"

"कसं बोलू, साहेब? बाईला टीबी झाला म्हनलं की माहेरी धाडून देत्यात. आमच्यात माझ्या थोरल्या भावजईला धाडली, ती परत न्हाई आली. आन गडी मानूस गोळ्या खाऊन काम करतो, काढायचा न्हाई, हे तुमीच नानाला सांगितलं. मंग म्हनलं, असू द्या माझ्या नावावर. गोळ्या तर त्याच हायेत."

गोळ्या त्याच होत्या. आकडा त्याचा होता. साठ किलोच्या पुरुषाच्या चार गोळ्या ती रोज घेत होती. तिचे वजन मी नंतर दवाखान्यात काट्यावर पाहिले. तिला दोनच लागत होत्या. दुप्पट औषधाने तिचे यकृत बिघडले होते. आणि सुमनने आणून दिलेली ती थुंकीची डबी? ती भरतने स्वतः थुंकून भरली होती.

मी म्हणालो, "आत्ता नगरला न्यायचे."

सुमन उठून बसली. "न्हाई. उद्या मुक्काम हलनार हाय. मी गाडीत बसून जाईन. बरी हाय मी." आणि तिने नवऱ्याकडे पाहिले. "माझ्या नावानं काय लिहू नका."

दारात नाना उभे होते. त्यांनी सगळे ऐकले होते. माझ्या मनात त्यांच्यासाठी चार कठोर वाक्ये तयार होती. ते म्हणाले, "साहेब, ही गेली तर भरत अर्धा कोयता. मला वर उत्तर द्यावं लागतं."

"गेली नाही तर आठवडाभरात तुमच्याकडे अर्धाच कोयता उरेल. कायमचा."

नानांनी मिशीवरून हात फिरवला. मग ते भरतकडे वळून म्हणाले, "जा रं तू बी हिच्यासंगं. चार दिस मी बघतो." आणि मला म्हणाले, "हिचं नाव काय? माझ्या यादीत न्हाई."

माझ्याही यादीत नव्हते.

बबनने जीपच्या मागच्या बाकावर स्वतःचे घोंगडे अंथरले. बर्फाची पेटी खाली उतरवून मंदाताईंच्या स्वाधीन केली. "चिपा तापतील," असे मी म्हणालो नाही, त्यानेच विचारले, "तापल्या तर चालतंय का, साहेब?" मी म्हणालो, "चालते." श्रीगोंद्याहून नगरपर्यंत सुमन तीनदा ओकली. भरत तिचे डोके धरून बसला होता. मी पुढे बसलो होतो. माझी मान वळत नाही, हे मला त्या दिवशी सोयीचे वाटले.

नगरच्या रुग्णालयात डॉक्टरीणबाईंनी कागद पाहिले. "गोळ्या कोणाच्या वजनाने दिल्या?"

"नवऱ्याच्या."

"आणि बेडका कोणाचा होता?"

"हिचा."

"डबीवर नाव कोणी लिहिले?"

"मी."

त्यांनी वर पाहिले. वयाने माझ्या मुलीएवढ्या असतील. माझी तिन्ही उत्तरे त्यांनी कागदावर लिहून घेतली.

औषध बंद करून सुमनला दाखल करून घेतले. चौथ्या दिवसापर्यंत ती वाचेल, असे कोणी छातीठोकपणे सांगत नव्हते. मी रोज सिटी बसने जात असे. वॉर्डाच्या दारात उभा राहून दारालगतच्या तिच्या खाटेवरचा तक्ता वाचत असे आणि परत येत असे. त्या तक्त्यावर तिचे स्वतःचे नाव होते. पाचव्या दिवशी तिच्या पोटात पेज ठरली. यकृत सावरल्यावर औषधे एकेक करून पुन्हा सुरू केली. या वेळी तिच्या वजनाने. तिची बहीण केडगावात एका खोलीत राहत होती. सुमन तेथे राहिली. भरत टोळीत परतला. अर्धा कोयता म्हणून.

संस्थेच्या बैठकीत या प्रकरणाची चर्चा झाली. यंत्राने अचूक निदान केले, असा निष्कर्ष निघाला. तो खरा आहे. बेडका बरोबर होता, चिप बरोबर होती, निकाल बरोबर होता. फक्त माणूस चुकला होता. हे मी बैठकीत सांगितले. यंत्र वापरण्याचे प्रशिक्षण वाढवावे, अशी नोंद झाली. प्रशिक्षण यंत्राचे नको, यादीचे हवे, असे मी म्हणालो. त्याची नोंद झाली नाही.

मंदाताईंना मी भेटून म्हणालो, "यादी कोयत्याची होती."

"व्हय, सर."

आमच्यात या विषयावर एवढेच बोलणे झाले. त्यानंतर हंगाम संपेपर्यंत डब्यांवरची नावे मंदाताईंनी लिहिली. कोपीत जाऊन, प्रत्येकाला विचारून. त्यांचे अक्षर वाईट आहे. मी कधी बोललो नाही.

ठराविक काळ औषध घेतल्यावर रोगी सुधारतो आहे की नाही, हे पाहावे लागते. त्या तपासणीला पेटी चालत नाही. पेटी जंतूंचे जनुकीय द्रव्य ओळखते. ते जंतू मेला तरी उरते. मेलेला कोण आणि जिवंत कोण, हे तिला सांगता येत नाही. म्हणून ही फेरतपासणी जुन्या सूक्ष्मदर्शकावरच होते. मला यात थोडे समाधान वाटते, हे मान्य करतो.

जवळच्या दवाखान्यातल्या तंत्रज्ञ बाई माझ्या हाताखाली शिकलेल्या. सुमनची काचपट्टी मला पाहू द्यावी, अशी विनंती मी त्यांना केली. विनंती करण्याची सवय नसल्याने ती आज्ञेसारखी झाली असावी. त्यांनी खुर्ची रिकामी करून दिली. सुमन बहिणीबरोबर आली होती. अंगावर थोडे मांस धरले होते. पदर तोंडावर नव्हता. मी डबीच्या अंगावर तिचे नाव लिहिले, तिला वाचून दाखवले आणि डबी दिली. सकाळी घेऊन ये, म्हणालो. चूळ भर, खोल श्वास घे, छातीतून खोक.

दुसऱ्या दिवशी तिने डबी आणली. मी झाकण उघडले. आत पाण्यासारखे पातळ, फेसाळ काही.

"ही थुंकी आहे, बेडका नाही."

"लई खोकून बघितलं, साहेब," ती म्हणाली. "पहाटपासून बसले. आता बेडका येतच न्हाई."

मी झाकण लावले. नियमाप्रमाणे ती डबी परत द्यायला हवी होती. नोंदवहीत 'नमुना अयोग्य' हा रकाना आहे. तो मी आयुष्यभर भरत आलो.

मी काचपट्टी घेतली आणि ती थुंकी तिच्यावर पसरली.